चातुर्मास संपल्यावरचं मौन

बाटिकमध्ये गरम मेणानं रेघ ओढताना मध्ये थांबता येत नाही. थांबलं की मेण थंड होतं, कापडात मुरत नाही, आणि रंगात बुडवल्यावर नेमका तिथेच डाग उमटतो. माझ्या जुन्या चादरींवरचे डाग मोजले, तर प्रत्येकामागे कुणाची तरी हाक निघेल. मोजे, चावी, टॉवेल.

म्हणून गेल्या आषाढी एकादशीला मी चातुर्मासाचं व्रत घेतलं, रोज सकाळी सात ते आठ मौन. पूजा आणि डबा त्याआधी. देवासाठी घेतलं हे खरं, त्या तासात मी मेण तापवणार हेही खरं. हे सासूबाईंना आधीच सांगून टाकलं.

"बोलायचं नाही, एवढंच व्रत आहे," त्या म्हणाल्या. "हात बांधून बसायला कुणी सांगितलंय?"

माझं काम घरात कुणी मानलं नसतं, व्रत मात्र सगळ्यांनी मानलं. सातवीतली लेक दारात यायची, माझं बोट ओठांवर बघून "ठीक है, पप्पांना विचारते" म्हणत परत जायची. चार महिन्यांत दोन मोठ्या चादरी एकही डाग न पडता झाल्या. चादरी रंगवून विकणाऱ्या भैरवगढच्या रंगाऱ्यानं त्या उलटून-पालटून बघितल्या आणि अशाच अजून आणा म्हणाला.

पण कार्तिकी आली की हा तास जाणार होता. द्वादशीला सकाळी मी आणि हे उद्यापनासाठी रामघाटावर गेलो. मौनव्रत संपलं की घंटा दान द्यायची असते. ती गुरुजींना देताना मी विचारलं, "हेच व्रत वर्षभर चालवलं तर?"

"व्रताला मुदत असते, ताई. चार महिने गप्प होतात, आता बोला. घरचे वाट बघत असतील."

हे हसले. मला हसू आलं नाही. आता देवाच्या नावावर काही मिळणार नव्हतं, मागायचं तर मलाच मागावं लागणार होतं.

घरी येऊन पारण्याला बसलो तेव्हा मी सांगितलं, "उद्यापासूनही सात ते आठ मी बोलणार नाही. व्रत संपलं. हे माझं काम आहे."

"संडेला पण?" लेकीनं विचारलं.

"संडेला पण."

"आणि देवाला काय सांगशील?" सासूबाई म्हणाल्या.

"त्याची पूजा साडेसहालाच होते. त्याचं काही अडत नाही."

"त्याचं नाही अडत. ह्याचं अडेल," त्या आपल्या मुलाकडे बघत म्हणाल्या.

हे भात कालवत होते. "चार महिने हिच्या वेण्या आईनं घातल्या. मला येत नाहीत," एवढंच म्हणाले.

"शिका."

दुसऱ्या दिवशी मी निम्मी रेघ ओढली होती, तेवढ्यात लेक दारात आली. एक वेणी कानाच्या वर, दुसरी खाली. दोन्ही हातांनी त्या मला दाखवत उभी राहिली. छान आहेत, अशी मी मान हलवली. तिनं कपाळावर हात मारला आणि तशीच शाळेत गेली. रेघ काठापर्यंत पोचली.