बॅटरीचा मुक्काम

नवी बॅटरी दुकानात आली की आमचे शेजारी तिच्यावर उलटा हात ठेवायचे, लेकराचा ताप पाहावा तसा. गिऱ्हाईक तिला उचलायला वाकलं की म्हणायचे, "थांबा भाऊ, आधी माह्या घरी मुक्काम होऊ द्या तिचा."

चंद्रपुरात माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाला लागून त्यांचं बॅटऱ्यांचं दुकान. त्यांचे वडील ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करत. शहरात ई-रिक्षा आल्या आणि यांनी लिथियमच्या बॅटऱ्यांचा धंदा धरला. नमाजाची वेळ सोडली तर माणूस गल्ल्यावरून हलायचा नाही, पण बोलायला लागला की थेट परदेशात.

"लिथियमचं मीठ चिलीचं, नाई तर दगड ऑस्ट्रेलियाचा. सेल चीनचे, डबा नागपूरचा, अन् उन्हाळा आपल्या चंद्रपूरचा! इतके मुलूख फिरून आलेल्या पाहुणीचा स्वभाव घंट्याभरात समजते का?"

सूरजागडच्या खाणीतलं लोहखनिज भरलेला ट्रक समोरून गेला की हसायचे. "आपला दगड तिकडे चालला, तिकडचा दगड इकडे येऊन राह्यला. माणसापेक्षा दगडच जास्त फिरते."

मुक्काम ही गंमत नव्हती, बरं का. प्रत्येक नवी बॅटरी ते काही दिवस स्वतःच्या खाटेशेजारी ठेवत, चार्ज करत, तिच्यावर घरातले पंखे चालवून उतरवत, पुन्हा चार्ज करत. कारण विचारलं तर सांगत, "रिक्षावाले गाडी घरातच चार्जिंगले लावतात. तिथीच लेकरं झोपतात. मी नाई झोपलो तिच्याजवळ, तर त्यायले कसं झोपवू?"

भाभी, म्हणजे त्यांची बायको, वैतागायच्या. "सवत आणली असती तरी परवडलं असतं. तिले चार्जिंगले तर लावा लागलं नसतं!"

एका उन्हाळ्यात तिकडे चीनमध्ये माल अडला आणि इकडे आमच्या चौकात बॅटरीवाचून रिक्षा उभ्या राहिल्या. त्यात एक रिक्षा आमच्याच मोहल्ल्यातल्या एका बाईंची. नवरा गेल्यावर त्या दोन मुलींना याच रिक्षावर वाढवत होत्या. शेवटी एका नव्या व्यापाऱ्याकडून यांना थोडा माल मिळाला. बॅटरी आलेली बाईंनी पाहिली, आणि ती मुक्कामाला घरी गेली हेही पाहिलं. मग रोज फेरी सुरू झाली.

"भाऊ, देत काऊन नाई?"

"दोन दिवस थांबा, ताई. तिचं अंग गरम लागून राह्यलं मले."

"अन् माही चूल थंडी पडली, तिले कोण हात लावून पाहीन?"

तरी त्यांनी बॅटरी दिली नाही. बाई तोंडाला येईल ते बोलून निघून गेल्या.

त्याच दुपारी त्यांच्या घरात ती बॅटरी फुगली. जुनेच सेल नवं आवरण चढवून विकलेले होते. धूर झाला, गादी पेटली. यांनी पट्टा धरून ती अंगणात ओढत आणली, तोवर दोन्ही तळहात भाजले होते.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा भांडायला आल्या, त्या थेट घरीच. खाटेमागची काळी भिंत दिसली, पट्ट्या बांधलेले हात दिसले. हे काय म्हणाले असतील? "माफ करा ताई, आणखी उशीर होईन." बाई उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडल्या.

मग यांनी स्वतःच्या मालवाहू तीनचाकीतली बॅटरी काढायला लावली. त्याच मापाची होती. "घेऊन जा. लई दिवस माह्या घरी राह्यली आहे. वळण चांगलं आहे तिले." उरलेला सगळा माल व्यापाऱ्याला परत गेला. तो उन्हाळा ते रिकाम्या फळ्यांसमोर ताठ बसून राहिले. इतक्या रुबाबात रिकामं दुकान चालवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला त्यांचा अभिमान वाटायचा, आजही वाटतो.

या हिवाळ्यात साध्याशा आजारानं ते गेले. मी भाभींना भेटायला गेलो, तेव्हा त्या रिक्षावाल्या बाई धाकट्या मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलीला पुढे करून एवढंच म्हणाल्या, "हे लेकरू त्याच खोलीत झोपते, भाभी. चार्जिंगले लावलेल्या गाडीच्या बाजूले."

भाभींनी मुलीला जवळ ओढलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "झोप लागते ना, बेटा?"