तीच साडी, दुसरी बाई

आमची इंदूबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून. कडावच्या आमच्या शेतात आवणीला बायका ओणव्या झाल्या की ओळ तिच्यापासून सुरू. ती नसली तर भाताची रोपं वाकडीतिकडी लागतात नि बायका नुसत्या गप्पा हाणतात. दुपारी बांधावर भाकरी खाताना सगळ्यांना हसवणार, आणि हसायला कुणी नाहीच सापडलं तर स्वतःच्या पोटावर विनोद करणार. मला तेवढं एक नाही आवडत तिचं.

माझी लेक अक्षदा टॅबवर चित्रं काढते. नुसती हौस नाही हं, कळंबच्या रिसॉर्टवाल्यांची कामंही करते. यंदा आमच्या बचत गटानं हातसडीचा तांदूळ विकायचं ठरवलं, तर पिशवीवरचं चित्र तिलाच सांगितलं. पोरीनं दोन काढली. दोन्हींत आवणी करणारी बाई, पाठमोरी, ओणवी, साडी गुडघ्यावर खोचलेली. साडी तीच, चिखल तोच. एक बाई काटकुळी, दुसरी चांगली जाडजूड, एवढाच काय तो फरक. दोन्ही तिनं मोबाईलवर लोकांना बघायला टाकली.

घ्या! काटकुळीखाली लोकांनी लिहिलं, 'वा, काय सुंदर! आपली माती, आपली संस्कृती.' आणि दुसरीखाली? 'ताई, हिला जरा नीट कपडे घाला.' 'घरात पोरं मोबाईल बघतात, भान ठेवा.' अरे मेल्यांनो, साडी बोटभर तरी जास्त वर होती का? माझं असं डोकं फिरलं! अक्षदा मात्र एवढंच म्हणाली, "आई, मला पिशवीवर दुसरीच हवी."

गटाच्या बायका आमच्या ओटीवर जमल्या. सुप्रिया आमची अध्यक्ष. दोन्ही चित्रं बघून ती म्हणाली, "बारकीच घेऊ गं. ही दुसरी कशीतरीच दिसते." आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली कोण, तर इंदूबाई! "अगं, झाक तिला आधी! लाज हाय का नाय बाईला?"

अक्षदाचं तोंड एवढंसं झालं. मग इंदूबाईनं टॅब मांडीवर घेतला, बोटांनी चित्र मोठं केलं नि त्या बाईच्या हातांवर बोट ठेवलं. चित्रातल्या बाईच्या उजव्या हातात रोपांची जुडी होती आणि रोवत होती ती डाव्या हातानं. आमच्या आळीत डाव्या हातानं आवणी करणारी एकच बाई आहे.

"ही मी हाय?"

"हो, मोठी आई."

"मी पाठीमागून अशी दिसते?"

"अशीच. म्हणून तर काढली," अक्षदा म्हणाली नि रडायलाच लागली. "मला तीच आवडते."

सुप्रिया घाईघाईनं म्हणाली, "साडी जरा खाली घे गं तिची, मग चालेल."

"आणि त्या बारकीची?" इंदूबाईनं विचारलं. "तिचे ते पाय, नि माझी काय गं, मुसळं? पायघोळ साडीत तू आवणी करून दाखव, मग मी झाकते."

बायका हसल्या. इंदूबाई हसली नाही. तिनं अक्षदाला जवळ ओढलं, पदरानं तिचे डोळे पुसले.

"मोबाईलवरच्या लोकांचं सोड, ते मला वळखत पण नायत. मी या अंगाला रोज आंघोळ घालते गं, आणि मीच हसले."

इंदूबाईनं टॅब उचलून सुप्रियाच्या हातात दिला.

"हीच छाप. साडी हाय तिथंच ऱ्हाऊ दे."