दोन मॉनिटर

“आधी पाहून घेऊ सर, मंग बोलू,” असं म्हणत ताई पदर खोचायच्या आणि सरळ टेबलाखाली शिरायच्या. बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात त्या संगणक प्रयोगशाळेच्या सहायक होत्या. घर अमडापूरला, वांग्या-टमाट्याची शेती. रोज एसटीनं ये-जा. तुम्हीही नोकरीत अशी माणसं पाहिली असतील. दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव नसतं, पण ती रजेवर गेली की सगळं अडतं.

मी तेव्हा तिथं शिकवता शिकवता पीएचडी करत होतो. मोताळा तालुक्यातल्या विहिरींचं पाणी कसं वर-खाली होतं, याचं गणित होतं. ते एका संगणकाला झेपेना. ताईंनी भंगारात निघालेले आठ संगणक झाडूनपुसून तारांनी एकमेकांना जोडून दिले. नकाशाचे आठ पट्टे केले, प्रत्येक संगणकाला एक. त्यानं आपल्या पट्ट्याचं गणित करायचं आणि कडेचे आकडे शेजारच्या संगणकाला कळवायचे.

लहान नकाशावर सगळं सुरळीत चाललं. मोठा नकाशा घातला आणि आठही संगणक गप्प झाले. उत्तर नाही, चूक झाल्याची सूचनाही नाही. प्रबंध द्यायला आठवडा उरला होता. मी चिडून विभागप्रमुखांना लेखी कळवलं, की जोडणी सदोष आहे. जोडणी कोणाची, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ताईंना तो कागद दाखवला गेला. दोन दिवस एकेक तार काढून तपासत बसल्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, “तुमचा प्रोग्राम काय करते, ते सांगा बरं मले.”

“प्रत्येक संगणक आधी शेजाऱ्याला आकडे देतो. ते पोचले की मग त्याचे घेतो.”

त्यांनी कोपऱ्यातला एक जुना, अवजड मॉनिटर माझ्या हातात दिला. दुसरा स्वतः उचलून समोर उभ्या राहिल्या. “द्या तुमचा मले.”

“तुमचे हात कुठं रिकामे आहेत?”

“मंग माझा घ्या तुम्ही.”

माझेही हात भरलेले होते. तेवढ्यात शिपाई डोकावला, आमच्याकडे पाहून तसाच परत गेला.

“चिठ्ठी असती तं टेबलावर ठेवून मोकळे झालो असतो,” ताई म्हणाल्या. “लहान नकाशाचे आकडे थोडे, तो तसाच चालला. एवढं वझं कुठं ठेवता? आठही जण देऊन राह्यले, घेऊन कोणीच नाही राह्यलं.”

मी मॉनिटर खाली ठेवला आणि त्यांचा घेतला. मग बसून प्रोग्राम बदलला: पहिला, तिसरा, पाचवा, सातवा आधी देतील, बाकीचे आधी घेतील. पडद्यावर आकडे सरकू लागले.

“हे तुम्हाला कोणी शिकवलं?” मी विचारलं.

“तुम्हीच. वर्गात मांगं बसून ऐकलं.”

दुसऱ्या दिवशी मी तो कागद परत घेतला. प्रबंध वेळेवर गेला. पण ताईंची माफी मागायची राहून गेली. रोज समोर दिसत होत्या, तरी राहिलीच.

त्या निवृत्त झाल्यावर एका रविवारी अमडापूरला गेलो. ताई ओसरीवर वांगी निवडत होत्या. शेवटी एकदाचं म्हणालो, “ताई, त्या तक्रारीचं मनात राहिलंय. चूक माझी होती.”

त्यांनी एक किडकं वांगं बाजूला टाकलं. “तसं काही नाही सर. दोन तारा खरंच ढिल्या होत्या. मी बसवल्या, अन् सांगितलं नाही कोणाले.”

त्या वांगी पिशवीत भरू लागल्या. थांब्यावर सोडायला आल्या, आणि कंडक्टरला म्हणाल्या, “या सरायले बुलढाण्याले उतरवजा. वाचत बसते, ध्यान नसते.”

त्यानंतर भेट झाली नाही. दिवाळी झाल्यावर त्या गेल्याचं कळलं. त्या दोन तारा खरंच ढिल्या होत्या की माझं ओझं उतरवायला ताईंनी त्या नुसत्या बोलण्यात ढिल्या केल्या, हे विचारायला आता कोणी नाही.