वाचनालयाचे चार कॉम्प्युटर आणि मी

चाळीत ‘तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना?’ असं एकदा कुणी विचारलं आणि आपण ‘हो’ म्हटलं, की संपलं! मग रविवार जातो, डोकं जातं, आणि हाती राहतात ते फक्त किस्से.

लालबागच्या आमच्या चाळीच्या वाचनालयाला एका ऑफिसने चार जुने कॉम्प्युटर दिले. नवीन विंडोज त्यांना झेपेना. म्हणून मी विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. हलकंफुलकं, फुकट, अख्खं मराठीत.

सेक्रेटरी गावडेकाका लगेच म्हणाले, “फुकट? म्हणजे डुप्लिकेट असणार! माझा भाचा दादरहून ओरिजिनल विंडोजची कॉपी आणतो बघ!”

*

सामंतसर निवृत्त मराठी शिक्षक. मातृभाषेवर तासभर बोलतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ऑफिसात फोन केला. “अरे, ‘संचिका जतन करा’ म्हणजे काय रे?”

“फाइल सेव्ह, सर.”

“मग सरळ मराठीत लिही ना, फाइल सेव्ह!”

*

गावडेकाकांना स्टार्टचं बटण सापडेना. मी मेन्यू दाखवला. पटलं नाही. दुसऱ्या रविवारी पाहतो तर चारही मॉनिटरच्या काचेवर, खालच्या कोपऱ्यात, चिठ्ठी चिकटवलेली: ‘स्टार्ट’. आणि लोक ती बोटाने दाबत होते!

*

एकदा त्यांची समजूत काढायला म्हटलं, “काका, याला व्हायरससुद्धा सहसा लागत नाही.”

काका हसले. “बघ! व्हायरससुद्धा विचारत नाही, म्हणजे मार्केटमध्ये काय किंमत असेल याची!”

कपाळ!

*

शेवटी काकांनी कमिटीत ठराव पास करून घेतला: चारही डबे भंगारात. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. माझे सगळे रविवार त्यात गेले होते.

भंगारवाला आला. तीन कॉम्प्युटर बंद होते. चौथ्यासमोर दुसऱ्या माळ्यावरच्या परबकाकी बसलेल्या, पत्त्यांचा गेम लावून.

“काकी, उठा. हे न्यायचंय,” मी पडेल आवाजात म्हणालो.

“थांब रे जरा. ह्यो डाव संपांदे.”

डाव संपला. काकींनी दुसरा लावला. भंगारवाला वैतागून माझ्याकडे बघायला लागला. मी गावडेकाकांना शोधायला वळलो, तर ते काकींच्या खुर्चीमागेच, चष्मा कपाळावर चढवून, स्क्रीनवर वाकलेले.

“अहो काकी, काय करताय! ती बदामची दश्शी किलवरच्या गुलामावर ठेवा ना!”