टाकीत न साचलेलं पाणी

मायनं घराला कुलूप लावून किल्ली काकूच्या हातात दिली, तेव्हा मी गाडीत बसून होतो. इंजिनही चालूच ठेवलं होतं. आमच्या गावापासून वडीगोद्रीचा फाटा जवळ, पण तिथून रत्नागिरी म्हणजे दिवसभराचा रस्ता, म्हणून मला घाई होती. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. मायला दमा. तिला एकटीला त्या घरात ठेवून मी नोकरीच्या गावी सुखानं जेवतो, हे मला खात होतं. काकू म्हणजे मायची धाकटी जाऊ. तिनं कुलूप ओढून पाहिलं आणि म्हणाली, "आता समुद्राची हवा खा. आमची याद येईल का न्हाई, देव जाणे." माय गाडीत येऊन बसली. गाडी निघाली तेव्हा ती मागं वळून बघेल असं मला वाटलं होतं. तिनं बघितलं नाही. ते मी खुशीचं लक्षण समजलो.

त्याच फाट्यावरून मी तरुणपणी गेलो होतो, एका लोखंडी पेटीसह. वडील म्हणाले होते, "नोकरी हाय तिथं गाव हाय, इकडची फिकीर करू नको." मी त्यांचा शब्द जरा जास्तच पाळला. गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना हे लिहितो आहे, कारण आई-वडिलांना आपल्याकडं नेलं की सगळं फिटलं, असं आपण धरून चालतो. मीही चाललो.

रत्नागिरीच्या घरात पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर तळवा ओला होतो. मीठ बरणीत घट्ट बसतं, कपाटातल्या शर्टाच्या कॉलरवर पांढरी बुरशी येते. आमच्या गावाकडं एका रात्रीत धोतर वाळायचं, इथं रुमाल चार दिवस दोरीवर लोंबतो. बायकोला आणि मला याची सवय झालेली. मायला नव्हती. जूनमध्ये तिचा खोकला वाढला, छाती वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, खोली कोरडी ठेवा. मी डीह्युमिडिफायर आणला.

मायच्या खाटेजवळ तो ठेवला आणि तिला समजावून सांगितलं. हा पंखा खोलीतली हवा ओढतो, आत गार नळ्या आहेत, त्यांच्यावर हवेतली ओल थेंब होऊन जमते आणि खालच्या टाकीत पडते. संध्याकाळी टाकी बाहेर काढली तर भरलेली. माय बघतच राहिली. "हवेतून पाणी काढून राह्यलंय हे?" ती म्हणाली. "मंग आपल्याकडं कसं कोणी आणलं न्हाई?" आपल्याकडच्या हवेत ओल कुठली, असं मी म्हणालो, तर ती हसून म्हणाली, "तेबी खरंय. हवेनंबी आपल्यालाच टाळलंय." मी टाकी न्हाणीघरात ओतून आलो.

रात्री आवाजानं मायची झोप मोडायची, म्हणून सकाळी आम्ही दोघं कामावर जाताना मशीन लावायचो आणि संध्याकाळी बंद करायचो. पहिले काही दिवस टाकी भरत होती. मग एकदम थांबली. मी कामावरून येऊन टाकी ओढायचो, तर आत ठणठणीत कोरडी. मशीन सुरू, पंखा फिरतोय, दिवा लागलेला, आणि पाण्याचा थेंब नाही. मी मागची जाळी काढून नळाखाली धुतली, तिच्यावर फारशी धूळही नव्हती. टाकीतलं तरंगणारं बटण अडकलं का, ते हलवून पाहिलं. ओलाव्याचा आकडा अगदी खाली आणून ठेवला, म्हणजे मशीन थांबूच नये. टॉर्च मारून नळ्यांवर बर्फ धरला का ते बघितलं. नव्हता. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली. मायला विचारलं, दिवसा खिडकी उघडतेस का? "बिलकुल न्हाई," ती म्हणाली. मशीन बंद करतेस? "चालूच असतंय की." दोन्ही उत्तरं खरी होती.

रविवारी दुरुस्तीवाला आला. आम्ही सगळे बसलेलो असताना त्यानं मशीन चालवलं आणि थेंब पडताना दाखवले. पडतंय, पण टाकी का भरत नाही ते त्यालाही सांगता येईना. गॅस कमी झाला असेल, पुण्याला पाठवावं लागेल, असं म्हणून तो चहा पिऊन गेला. माय खाटेवर बसून चादरीची किनार सारखी करत होती.

तोवर पोळा जवळ आला होता. खोकला पूर्ण जात नव्हता. बायकोशी बोललो आणि मायला सांगितलं, की ही हवा तुला सोसत नाही, मशीनही चालत नाही, गावी कोरड्यात बरी राहशील. आपल्या आईला ठेवून घेता येईल एवढीही कोरडी खोली आपण करू शकलो नाही, असं वाटत होतं. माय लगेच म्हणाली, "बरं. तू म्हणतोस तर जाते." दुसऱ्या दिवशी तिचं गाठोडं बांधून तयार होतं. माझ्या मनाला लागू नये म्हणून ती एवढी लगबग करते आहे, असं मी धरलं. गावात काकूनं तिला पाहून विचारलं, "काय गं, समुद्र पिऊन आलीस का?" आणि माय इतकी हसली, की तिला ठसका लागला.

परत आलो. मशीन चुकून चालूच राहिलं होतं आणि त्याचा लाल दिवा लागला होता. टाकी काठोकाठ. ती ओतली, दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा भरली. मला वाटलं, आपोआप सुधारलं. तिची खोली रिकामी झाल्यावर सुधारलं, याचा संतापही आला.

मग एक दिवस जिन्याच्या तळाशी खालच्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. आई कधी येणार, असं विचारत म्हणाल्या, "तुम्ही दोघं कामावरून यायच्या जरा आधी रोज पाण्याचा डबा घेऊन उतरायच्या. एका हातात छत्री, आणि आमच्या जास्वंदीला पाणी. अहो, एवढा पाऊस पडतोय, जास्वंद कुजेल, मी सांगायचे. तर म्हणायच्या, असू द्या, सांडायचं कुठं?"

मी तिथंच पायरीवर बसलो. आमच्या घरात भांड्यांचं पाणी अळवाला, आंघोळीचं पाणी म्हशीच्या गोठ्यात जायचं. तांब्यातलं उरलेलं पाणी फेकलं म्हणून मी लहानपणी मार खाल्लेला आहे. खाटेपासून न्हाणीघर चार पावलांवर होतं. पण दम लागणारी माझी आई ती टाकी घेऊन दोन जिने उतरत होती आणि धाप टाकत पुन्हा चढत होती, कारण पाणी मोरीत ओतायला तिचा हात धजत नव्हता.

दिवाळीला गावी गेलो. माय ओसरीवर वाती वळत होती. मी तिच्याशेजारी बसलो आणि विचारलं, टाकी तू रिकामी करायचीस का. तिचा हात थांबला नाही.

"करायची," ती म्हणाली. "पहिल्यांदा तसंच घातलं झाडाला. तू ओतूनच देणार होतास. कापडानं पुसून टाकी जाग्यावर ठेवली. तू आलास आन् मशीन बिघडलं म्हणून खाली बसून खोलायला लागलास. म्हणलं, सांगावं. तेवढ्यात सूनबाईला म्हणालास, मशीन चाललं न्हाई तर मायला इथं ठेवता येणार न्हाई." तिनं नवा कापूस हातात घेतला. "मंग गप बसले."

मी म्हणालो, मला सरळ सांगायचं ना, तिथं राहायला नको म्हणून.

"कसं सांगू, बापू? एवढ्या हौसेनं नेलंस. तुला वाईट वाटलं असतं. मशिनीला कुठं वाईट वाटतंय?"

आत काकू फराळाचे डबे लावत होती. मायनं वाती ताटलीत ठेवल्या, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता कळलंच हाय तर सांगते. मला न्यायला येऊ नको. भेटायला ये."

तिचा दमा गेलेला नाही. कापूस वेचायच्या दिवसांत गावीही छाती भरते, आणि तेव्हा मी जवळ नसणार, हे तिला माहीत आहे आणि मलाही. तरी ही गोष्ट तिनं इथं, स्वतःच्या ओसरीवर बसून सांगितली. माझ्या घरात तिनं चहाही विचारून केला. नको म्हणायची सोय माणसाला जिथं असते तेच त्याचं घर, एवढं मला या वयात समजलं. माझ्या तीन खोल्यांत मी तिला खाट दिली, औषधं दिली, यंत्र दिलं, ही सोय दिली नाही.

आणि मी? मंग मी इथंच राहतो, असं मला म्हणता आलं असतं. ती वाट बघत होती की नाही, ते मी तिच्या तोंडाकडं पाहिलंच नाही, त्यामुळं सांगता येणार नाही. भाऊबीज झाली आणि मी रत्नागिरीची बॅग भरायला घेतली.