काकाजींची थराची मलाई

काकाजी हनुवटी वर करून बोलायचे. तोंडात खर्रा भरलेला असायचा आणि मान सरळ ठेवली तर लाल लाळ ओठांवरून ओघळायची. म्हणून ते आभाळाकडे पाहत बोलत, आणि त्यांच्या बोलण्यातली अर्धी अक्षरं तोंडातच राहत. बाहेरचा माणूस गोंधळायचा. आम्हा घरच्यांना मात्र ती भाषा बरोबर कळायची.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून केलेलं मिश्रण. आमच्या भंडारा जिल्ह्यात ते कोणी व्यसन समजत नाही. पाहुण्याला पाणी विचारतात तसा खर्रा विचारतात. काकाजींना दिवसाला सहा-सात पुड्या लागत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही अड्याळला त्यांच्याकडे गेलो की पानठेल्यावरून पुड्या आणायचं काम माझ्याकडे असे. मी घरातली मोठी मुलगी. ठेलेवाला पुडीबरोबर मला एक पेपरमिंट द्यायचा. त्या गोळीसाठी मी धावत जायची, हे मी कधी विसरलेली नाही.

काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. पुढच्या खोलीत त्यांचे दोन हातमाग होते. एकावर ते स्वतः बसायचे, आणि काकू ओट्यावर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. त्यांचा एकुलता एक मुलगा निलेश माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मे महिना लागला की भंडाऱ्याहून आम्ही दोघी बहिणी आणि शहापूरहून आत्याची तीन मुलं, असे सगळे त्या घरात जमायचो. उन्हानं मागाच्या लाकडाला हात लावता येत नसे, तरी काकाजी आम्हाला कधी 'कल्ला नका करू' म्हणाले नाहीत.

वर्षातून एकच दिवस ते संध्याकाळपर्यंत खर्रा खात नसत. तो दिवस थराच्या मलाईचा. लग्नाआधी एकदा माग बंद पडला तेव्हा ते नागपुरात एका केटररकडे राबले होते, तिथे हा प्रकार शिकले. सुट्टीतल्या एका रविवारी सकाळी ते मिठाच्या पाण्यानं चूळ भरत, राखुंडीनं दात घासत, पुन्हा चूळ भरत. "मलाईले वास लागते," म्हणत. त्या दिवशी त्यांची हनुवटी खाली असायची आणि एकेक शब्द स्वच्छ ऐकू यायचा. त्यांचा आवाज खरं तर फार चांगला होता. तो आम्हाला वर्षातून एकदाच भेटायचा.

काकू आठ दिवस म्हशीच्या दुधाची साय साठवून ठेवायची. काकाजी ती बर्फाच्या परातीत पातेलं ठेवून रवीनं घुसळत. जास्त घुसळलं तर लोणी येतं, कमी घुसळलं तर पातळ राहतं, म्हणून मधे कोणी हाक मारलेली त्यांना खपत नसे. वैनगंगेच्या रेतीत पिकलेली डांगरं, म्हणजे खरबुजं, पवनीहून यायची. त्यांच्या फोडी ते पंच्यावर पसरून तासभर निथळू देत, कारण डांगर पाणी सोडतं. मग काचेच्या मोठ्या बरणीत तळाला दुधात बुडवलेली बिस्किटं, त्यावर साय, त्यावर आंबा, पुन्हा साय, मग डांगर, आणि अगदी वर केळी. दोन थरांच्या मधे ते थांबत. आम्ही घाई केली की म्हणत, "थर बसू द्या लेकरांनो. नाही बसला तं मंग ते कालवन हाये."

सगळ्यांना वाढून झालं की ते शेवटी खायला बसत. चहाच्या चमच्यानं, अगदी थोडं थोडं. आम्हाला वाटायचं, चव घेऊन खातात. एरवी ते वरणभात कालवून गिळायचे आणि भाजी आली तर पाण्यात धुऊन घ्यायचे. "तिखट झोंबते बावा आता," एवढंच म्हणायचे. मटणाच्या दिवशी स्वतः उठून पोळीचा तुकडा दुधात भिजवायचे. घरात सगळे ते पाहत होते, आणि सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

मी दहावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवार होता, सकाळी काकाजी साय घुसळत होते आणि मी बरणी धरून बसले होते. साखर पुरे झाली का पाहायला त्यांनी वाढायचा चमचा तोंडाकडे नेला. तो दातांवर आपटला. त्यांनी आडवा करून पाहिला, तरी आत जाईना. मला हसू आलं.

"काकाजी, आ करा ना मोठा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडलं. मी उजेडाकडे बसले होते म्हणून मला आतलं दिसलं. डावा गाल आतून पांढराफटक होता, चुना फासलेल्या भिंतीसारखा, आणि त्यात मधोमध एक लाल, ओली जखम. मिठाच्या चुळांनंतरही वास येत होता.

"हे काय झालं?"

"छाला हाये. गरमीचा."

"कधीपासून?"

"होळीपासून."

"काकूले सांगते मी," म्हणत मी उठले. त्यांनी माझं मनगट धरलं. साईनं त्यांची बोटं थंड होती.

"नोको सांगू बेटा. घर भरलं हाये. आता सांगतलं तं सारे रडत बसतीन. सुट्टी होऊन जाऊ दे. तुम्ही गेले का मी सोताच जातो भंडाऱ्याले, डॉक्टरकडे. माह्यी शपथ हाये तुले."

मी पुन्हा बसले. त्यांनी आंब्याचा थर लावला. दुपारी सगळ्यांनी वाटी पुसून खाल्ली. मी दोनच चमचे खाल्ले. काकाजींनी विचारलं, "कशी झाली?" मी म्हटलं, "मस्त." संध्याकाळी त्यांनी मला ठेल्यावर पाठवलं आणि मी गेले. त्या दिवशी मी पेपरमिंट घेतली नाही, पण पुडी आणली.

सुट्टीचे अजून तीन आठवडे होते. रोज सकाळी मी ठरवायची की आज काकूला सांगायचं, आणि रोज शपथ आडवी यायची. मी सोळा वर्षांची होते. शपथ मोडली तर माणूस मरतो, असं मला खरंच वाटत होतं.

आम्ही भंडाऱ्याला परतलो. काकाजी डॉक्टरकडे गेले नाहीत. पाऊस सुरू झाला, मग मागावर साड्यांचं काम आलं, मग गणपती आले. दसऱ्याच्या सुमाराला त्यांच्या गालाला बाहेरून छिद्र पडलं आणि प्यायलेलं पाणी तिथून गळू लागलं, तेव्हा वडिलांनी त्यांना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मीही सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, "हे किती दिवसांपासून आहे?" काकू म्हणाली, "दोन महिने झाले असन." मी तिच्या मागे उभी होते. होळीपासूनचे महिने मी मनात मोजले आणि खाली पाहिलं.

त्यांचा डावा जबडा काढावा लागला. जीभही थोडी काढली. त्यानंतर ते बोलले नाहीत. नाकातून नळी घातली होती आणि जे काही सांगायचं ते निलेशच्या जुन्या वहीत पेन्सिलीनं लिहीत.

पुढच्या मे महिन्यात आत्यानं मुलांना पाठवलं नाही. "लेकरं भितीन," म्हणाली. आम्ही दोघी बहिणी गेलो. काकाजी अर्धे झाले होते, चेहऱ्याला पंचा बांधलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी वहीत लिहून माझ्यापुढे धरलं, 'रविवारी मलाई करू.' काकू म्हणाली, "कायले करता आता?" त्यांनी त्याच ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली.

रविवारी त्यांनी साय घुसळली. मधे दोनदा टेकून बसले, पण रवी कोणाच्या हातात दिली नाही. बिस्किटं, साय, आंबा, साय, डांगर. प्रत्येक थरानंतर थांबले. आम्ही जेवायला बसलो. मग काकूनं त्यांच्या वाटणीची वाटी मिक्सरमध्ये ओतली, दूध घातलं, फिरवलं, फडक्यानं गाळलं आणि मोठ्या सिरिंजनं नळीत सोडलं. पिवळसर पाणी नळीतून खाली जाताना काकाजी पाहत होते. नळी रिकामी झाल्यावर त्यांनी वही मागितली. 'चव नाही. थंड लागलं.'

निलेश ताटावरून उठून बाहेर गेला.

काकाजी आषाढात गेले. धानाच्या रोवणीचे दिवस होते, गावातली माणसं शेतात, बांधीतल्या चिखलात होती. निरोप पाठवून चौघे-पाच जण गोळा करावे लागले. ते पाय न धुताच आले आणि त्याच चिखलाच्या पायांनी काकाजींना घेऊन गेले.

या गोष्टीला चौदा-पंधरा वर्षं झाली. मी आता शहापूरला शाळेत शिकवते. दर उन्हाळ्यात दोन दिवस अड्याळला जाते. काकू निलेशकडेच असते. माग मोडले, त्यांची लाकडं मागच्या भिंतीला टेकून आहेत. निलेश मालाचा ऑटो चालवतो, त्याला पाच वर्षांची मुलगी आहे. गेल्या मे महिन्यात दुपारी काकू आणि मी आंबे पिळत बसलो होतो. रस हातावरून कोपरापर्यंत आला होता. मी तेव्हाच सांगून टाकलं. चमचा, पांढरा गाल, शपथ, ठेल्यावरून आणलेली पुडी, सगळं. सांगताना तिच्याकडे पाहायची हिंमत नव्हती.

काकूनं कोय टोपल्यात टाकली.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

"काय?"

"छाला. होळीपासून. उशीवर रक्त दिसे सकाळी. मी विचारलं तं मलेबी शपथ घातली त्यायनं. लेकरं येतीन, सुट्टी होऊन जाऊ दे म्हने. मंग पानी पडलं, मंग काम आलं. रोज मी म्हनो, उद्या सांगते."

"मग डॉक्टरले दोन महिने काहून सांगतलं?"

"लाज वाटली बाई. बायको असून सात महिने पाहत बसली, असं कसं सांगू?"

 एकाच घरात, एकाच मे महिन्यात आम्ही दोघी एकमेकींपासून तेच लपवत होतो. ती मला पाहून हसायची आणि मी तिला पाहून हसायची, आणि माणूस मधे बसून थर लावत होता.

मग काकू हात न धुताच म्हणाली, "निलेश आजकाल भाजी धुऊन खाते."

मला आधी कळलंच नाही. मग काकाजींची पाण्यात धुतलेली भाजी आठवली.

"त्याले विचारलं तू?"

"विचारलं."

"मंग?"

"पोरीची शपथ घातली त्यानं."

मी उठले. निलेश अंगणात पाइपनं ऑटो धूत होता, गालात पुडी होती. मी त्याच्यासमोर उभी राहिले. "निलेश, थुक ते. तोंड उघड."

"काहून?"

"उघड."

त्यानं दारातल्या आईकडे पाहिलं. "मायनं सांगतलं ना तुले? शपथ घातली होती तिले!"

"हो, सांगतलं! बरं केलं!" मी ओरडले. माझा आवाज कुंपणापलीकडे गेला, शेजारणी बाहेर आल्या. आवाज कमी करावा असं एकदाही वाटलं नाही. निलेशनं पाइप फेकला. मला नको ते बोलला, काकूला त्याहून नको ते बोलला. त्याची मुलगी रडायला लागली. शेवटी तो ऑटोच्या मागच्या फळीवर बसला आणि त्यानं तोंड उघडलं. माझी दोन बोटं गेली, तिसरं गेलं नाही. गाल आतून पांढरा होता. जखम दिसली नाही, पण मला काय कळतं?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही तिघं भंडाऱ्याला गेलो. तो आमच्याशी बोलत नव्हता, पण आला. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. ते आठ दिवस काकूनं चूल कशी पेटवली, तिलाच ठाऊक. रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, पण त्याच्याच वाटेवर होतं. तोंड आता पहिल्यासारखं उघडणार नाही, आणि खर्रा सोडला नाही तर पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

निलेश सुटला, असं मी म्हणत नाही. दोनदा त्यानं पुन्हा सुरू केलं आणि दोनदा सोडलं. मी फोन केला की काकू आधी तेच सांगते, लपवून ठेवत नाही. रोज सकाळी ती त्याला अंगणात, उजेडात उभं करते आणि सगळ्यांदेखत तोंड उघडायला लावते. एवढा बाप्या माणूस आईपुढे आ करून उभा असतो. शेजारी हसतात. ती त्यांना हसू देते.