खोकडाच्या फोटोतली साडी

"त्या ई-क्लासवर काय राह्यते? काहीच नाही," असं सरपंचकाका ग्रामसभेत म्हणाले आणि माझं डोकं तडकलं. ई-क्लास म्हणजे आमच्या गावाचं सामाईक पडीक रान. कुसळी गवत, बोरी, मुरमाचा उतार. ते सपाट करून तिथं लग्नाचं लॉन करायचा ठराव येत होता. जसं काही आजवर गावात लग्नं लागतच नव्हती!

मी उठून सांगितलं, तिथं खोकड राहतं. कोल्ह्याच्या जातीतलं, पण मांजराहून थोडंच मोठं, शेपटीचं टोक काळं.

"फोटो दाखव."

"पुढच्या सभेत दाखवते."

पत्रकं लिहून लिहून मला एक खोड लागली आहे. आधी जाहीर करायचं, मग कामाला लागायचं.

चिखलीत लग्नांचं शूटिंग करणाऱ्या मामेभावाकडून मोठ्या लेन्सचा कॅमेरा मागून आणला. लॉनविरुद्ध लढायला लग्नाचाच कॅमेरा, हसा खुशाल.

रानाला लागून शेजारच्या काकूंचा हरभरा आहे. रानडुकरं शिरू नयेत म्हणून आमच्याकडे शेताभोवती जुन्या साड्या बांधतात, तशा त्यांनीही बांधल्या होत्या. साड्यांच्या फडफडीला खोकड सरावलेलं. म्हणून सकाळी उजाडताना, कुडकुडत, मी एका साडीमागे जाऊन बसले.

पहिल्या दिवशी ते बांधावर आलं. तेवढ्यात वाटेनं जाणारा मोटारसायकलवाला थांबला. "काय शोधून राह्यली वं?" मी त्याला सामाईक जमिनीवरच्या गावाच्या हक्कांबद्दल पूर्ण भाषण दिलं. वळून पाहते तर बांध रिकामा.

दुसऱ्या दिवशी काकू चहा घेऊन आल्या. त्यांना लॉनची सगळी भानगड सांगता सांगता माझा आवाज चढला आणि गवतातून काळ्या टोकाचं शेपूट पळालं.

"पोरी, तुले खोकड पाह्यजे का सभा पाह्यजे?"

"खोकड."

"मंग तोंड बंद ठेव न बाई. थे काय घोषणा आयकाले येते?"

तिसऱ्या दिवशी मफलरचं टोक दातात धरून बसले. त्याच दुपारी सभा होती. ऊन बोरीवर आलं तसं खोकड बाहेर निघालं. पडलेली बोरं हुंगली, दोन खाल्ली, मग अंग ताणून, जगात कुठलीच ग्रामपंचायत नसल्यासारखी जांभई दिली. मी बटण दाबलं आणि नेमका वारा सुटला. एकच फोटो धड निघाला. उजवीकडे खोकड, डावीकडे अर्धा फोटोभर काकूंची गुलाबी साडी, हिरवा काठ, तोही कुरतडलेला. मला रडू यायचंच बाकी होतं.

सभेत फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला. सरपंचकाकांनी चष्मा वर केला. "हा तर नेटवरून उतरवला. राजस्थानातला दिसते."

मी चार पानी भाषणाला हात घातला, पण मागून काकू आधीच उठल्या होत्या. "सरपंचभाऊ, राजस्थानात माही साडी कोणी नेली? माह्या पोरीच्या साखरपुड्यातली हाय. काठ उंदरानं खाल्ला, थो बी दिसून राह्यला."

बाया उठून भिंतीजवळ गेल्या. खोकडाकडे कोणी बघेना. सरपंचकाकांच्या बायकोनं, काकींनी, काठ निरखला आणि कमरेवर हात ठेवले. "हाव, हे तं मीच देल्ली होती आहेरात! काऊन वं, डुकरांसाठी बांधली?"

"टिकाऊ हाय म्हणून बांधली, वहिनी."

सभा खो खो हसली. काकांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. स्वतःच्या घरचा आहेर राजस्थानातला आहे, असं म्हणायची सोय राहिली नव्हती.

लॉनची जागा शाळेमागच्या मोकळ्या पटांगणात ठरली. माझं भाषण घडी न मोडता घरी आलं. नंतर तो फोटो पत्रकावर छापताना छापखान्यातले दादा म्हणाले, "हे साडी कापून टाकू का?"

मी इतकी ओरडले की ते मशीन सोडून बाहेर आले.